'लेडी बर्ड' बघून पोरं बिघडतात म्हणे!

रंकाळेकर: लेकीनं लावला म्हणून 'लेडी बर्ड' हा इंग्रजी सिनेमा अर्धा बघितला. कॅथलिक शाळेतली पोरगी प्रसादाच्या चकत्या मैत्रिणीबरोबर चिवड्यासारख्या हाणते, ननच्या गाडीवर 'येशूशी नुकतंच लग्न झालं' लिहून ठेवते. ह्याला म्हणे कला! असलं बघूनच पोरं आरतीला उभी राहीनात.

तिकटीवरची: अर्ध्यावर निकाल, झकास! चकत्यांवर अजून मंत्र पडलेले नाहीत, हे ती तिथंच सांगते. नन तर गाडीचा विषय काढून हसते. न्यूयॉर्कात एकटी पडल्यावर हीच पोरगी रविवारी आपणहून चर्चमध्ये जाते, बाहेर येऊन आईला फोन लावते. ग्रेटा गर्विगचा 2017 चा हा सिनेमा घर सोडण्याचा आहे, देव सोडण्याचा नाही. चेष्टेवर असा हसणारा एक पुजारी आपल्याकडं दाखवा.

जुना पेठकरी: पुजारी मधी कशाला? 2016 ला बायकांच्या मंदिरप्रवेशासाठी भांडणाऱ्या तृप्ती देसाई अशाच पुण्यासनं आल्या आणि आपल्या कोल्हापुरात अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरल्या. आमच्या बायका बाहेरनंच हात जोडत आल्या, कुणाची तक्रार नव्हती.

बिंदू चौक: तक्रार नव्हती, का कुणी विचारलंच नव्हतं? त्या दिवशी बाईंना मारहाण झाली, ते बरं विसरलात. आणि पुण्याचं काय सांगताय? 1899 ला पंचगंगेवर शाहू महाराजांना वेदोक्त, म्हणजे वेदमंत्र म्हणून विधी करणं, भटजीनं नाकारलं, ते भांडण काय पुण्यासनं पार्सल आलं होतं?

जुना पेठकरी: महाराजांचं नाव घेतलं की सगळं खपतंय. त्यांनी देव सोडला नव्हता.

बिंदू चौक: मग त्या पोरीनं तरी कुठं सोडलाय? वरचं वाचा की जरा!

सातवी माळ: गाभारा राहू दे. आमच्याकडं नवरात्रात सगळे अनवाणी. नववीतली लेक घटस्थापनेलाच बूट घालून क्लासला निघाली. ह्यांनी बूट काढून माळ्यावर टाकले, सासूबाईंनी बोलणं सोडलं. पोरगी भावाच्या ढगळ्या चपला फरफटत गेली. आता नोकरीला बाहेरगावी आहे, देवीचं नाव काढत नाही आणि आमच्याशीही कामापुरतंच बोलते. तिनं हा सिनेमा बघितलेला नव्हता.

रंकाळेकर: वहिनी, तुमचं वेगळं. बरं, नन हसते, मान्य. त्यांच्या ननला गाडी आहे, पगार असेल, हसायला काय जातंय! उरलेला बघतो. पण आई झोपल्यावर.

तिकटीवरची: म्हणजे लेकीसारखंच, चोरून!