तंबूतली सुट्टी घरच्यांना अजून रुचते का? (नेरूळहून, मदत हवी आहे)

ओटा_बंद (धागाकर्ती)

मंडळी, नाताळच्या सुट्टीत कुठे जायचं यावरून आमच्याकडे दोन तट पडलेत. नवऱ्याला तंबू हवाय. तयार तंबूंच्या रांगेतला नाही. स्वतः विकत घेऊन, गाडीत टाकून, आपल्या हाताने ठोकलेला. कॉलेजातल्या ट्रेकिंगचं वारं अधूनमधून अंगात येतं त्याच्या. मुलगा (८) अर्थातच बापाच्या बाजूने. मुलगी (१४) एवढंच विचारते, "फोन कुठे चार्ज करायचा?" आणि सासूबाई (६९, दोन्ही गुडघे दुखतात) म्हणतात, मी येणारच, पावसाळा सोडला तर आम्ही अख्खं लहानपण अंगणात झोपलोय.

मला उघड्यावर झोपायची हौस आहे. पण वर्षभर ओट्यापाशी उभी राहणारी बाई सुट्टीतही तीन दगडांच्या चुलीपुढे बसणार असेल, तर सुट्टी बाकीच्यांची झाली, माझी नाही. हे घरात बोलून झालंय. नवरा म्हणतो, मी करेन स्वयंपाक. त्याला पोहे येतात.

गेल्या हिवाळ्यात पवनेच्या काठी एका कॅम्पला जाऊन आलो. नाव लिहीत नाही. तंबू इतके खेटून लावलेले की शेजारचा घोरत होता की आमचाच, ते कळेना. 'अनलिमिटेड बार्बेक्यू'मध्ये माणशी पनीरचे चार तुकडे आले आणि शेगडी विझली. डीजे मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालूच. सकाळी टॉयलेटला रांग, बादलीत गार पाणी. मुलगी तेव्हापासून तंबू म्हटलं की नाक मुरडते, आणि मला तिचं अजिबात चूक वाटत नाही.

तर विचारायचं असं: पाच जणांना केवढा तंबू लागतो? सासूबाईंचं कसं करायचं? आपल्या तीन-चार तासांच्या टप्प्यात तंबू लावू देणारी बरी जागा कुठली? आणि खरं सांगा, पहिल्या रात्रीची नवलाई संपली की मुलं कंटाळतात का?

---

घोडबंदरचा_बाप

कंटाळतात. पण कुठे कंटाळत नाहीत? रिसॉर्टच्या पूलमधून बाहेर काढलं की "आता काय करायचं" हे ऐकू येतंच. फरक एवढाच की तंबूत करायला कामं असतात, आणि मुलांना कामं दिली की ती तासभर तरी तोंड उघडत नाहीत. खुंट्या ठोकणं हे आठ वर्षांच्या मुलासाठी जगातलं सर्वात भारी काम आहे. हातोडी त्याच्याच हातात द्या. बाबाने मध्ये मध्ये करू नये.

तंबूवर जो माणसांचा आकडा असतो तो कधी खरा मानू नका. कंपन्या माणशी साधारण ६० सेंमी धरतात. म्हणजे 'चार माणसांचा' तंबू आतून २४० सेंमी, जवळपास आठ फूट. आपली घरची गादी तीन फूट रुंद असते. दोन गाद्या आणि वर दोन फूट उरतात, त्यात बॅगा, चपला आणि एक रुसलेली मुलगी. सासूबाईंना सोडून तुम्ही चौघांसाठी सहाचा घ्या, किंवा दोघा-दोघांचे दोन. चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःची चेन असलेलं दार मिळालं तर तिचं मत बदलू शकतं, आमच्याकडे बदललं.

दुकानात गेलात की तीन गोष्टी बघा. बाहेरचं कापड (फ्लाय) आतल्या तंबूपासून वेगळं आहे का; एकेरी कापडाचा स्वस्तातला घुमट घेऊ नका. 'वॉटर कॉलम' (कापड किती पाणी अडवतं त्याचं माप) किती आहे. बाहेरच्याला २००० मिमी असेल तर पुष्कळ, तळाला त्याहून जास्त हवा. आणि खुंट्यांशिवाय स्वतःच्या काड्यांवर उभा राहतो का. तसा असेल तर जायच्या आधी सोसायटीच्या गच्चीवर एक रात्र काढून बघा. सेक्रेटरींची परवानगी घ्या, चार कोपऱ्यांना पाण्याचे पाच लिटरचे कॅन बांधा. जे काही विसरायचं ते तिथे विसरून होतं आणि लिफ्टने खाली येऊन आणता येतं.

---

सानपाड्याची_मीरा

गच्चीची आयडिया भारी! आमचे सेक्रेटरी 'अतिक्रमण' म्हणून नोटीस काढतील ती गोष्ट वेगळी.

---

वास्तववादी

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅगा, दिवे, स्टोव्ह, सगळं मिळून जो आकडा होतो त्यात चांगल्या हॉटेलात दोन रात्री होतात. मग ते सगळं वर्षभर माळ्यावर. आपल्या घरांत माळा म्हणजे आधीच दिवाळीचे कंदील, जुना मिक्सर आणि पाहुण्यांच्या गाद्या. परदेशात लोक गाडीला बांधून महिनाभर फिरतात, त्यांच्याकडे त्यासाठी आखलेल्या जागा असतात, नळ असतात, स्वच्छ संडास असतात. आपल्याकडे 'कॅम्पिंग' म्हणजे कुणाच्या तरी शेतात लावलेली ताडपत्री. हौस म्हणून एकदा ठीक. कुटुंबाची सुट्टी म्हणून? छे.

---

ओटा_बंद

वास्तववादी, राग कसला, अर्धं पटलंच. माळ्याचं तर शंभर टक्के. पण हॉटेलात मुलगा टीव्हीपुढे आणि मुलगी फोनमध्ये, फक्त भाडं जास्त. ते मला घरी फुकट मिळतं.

---

शेंडीचा_जावई

ताई, भंडारदऱ्याला या. ठाणे, कसारा, इगतपुरी, मग घोटीला उजवीकडे वळून तीसेक किलोमीटर. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटही टाळता येतो. धरण १९२६ चं, प्रवरेवरचं. सगळे त्या पाण्यालगतच्या तंबूंकडे धावतात. सुट्टीच्या शनिवारी तिथेही पवनेसारखीच गत असते, हे आधीच सांगतो.

म्हणून पाण्यालगत नको. शेंडी, मुरशेत, रतनवाडी या बाजूला गावातल्या घरांत खोल्या देतात आणि अंगणात किंवा मागच्या वावरात तंबू लावू देतात. स्वतःचा आणलात तर जागेचे आणि जेवणाचे पैसे. तुमच्या दोन्ही अडचणी इथेच सुटतात. सासूबाईंना खोली, खाट, आतला संडास. तुम्ही अंगणात. आणि स्वयंपाक घरमालकीण करते: पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा, सांगितलं तर गावठी कोंबडी. त्या बाईला रीतसर पैसे मिळतात, तुम्हाला सुट्टी मिळते. नवऱ्याने सकाळी पोहे करावेत हवं तर.

फोनवर बुकिंग करताना विचारायचे प्रश्न: एकूण तंबू किती? रात्री दहाला स्पीकर बंद होतो का? (दहा ते सहा बंदी कायद्यानेच आहे, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे.) टॉयलेट किती जणांत एक? "होऊन जाईल मॅडम, ॲडजस्ट करू" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

---

पनवेलकर

जवळ हवं असेल तर प्रबळमाचीही आहे, कलावंतीण सुळक्याच्या खाली. माचीवरचे गावकरी तंबूही देतात आणि जेवणही. पण ठाकूरवाडीपासून चढून जावं लागतं, सासूबाईंना जमणार नाही.

---

नर्स_कोपरखैरणे

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूच्या आत कधीही, म्हणजे कधीही, घेऊ नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. गॅसचा स्टोव्हही आत पेटवू नका, बाहेर पाऊस असला तरी.

दुसरं सापांचं. हिवाळ्यात कमी दिसतात, पण मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. चावल्याचं बरेचदा कळतही नाही. पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, अशी सुरुवात होते. चेन पूर्ण लावलेला तंबू हा उघड्यावरच्या सतरंजीपेक्षा कधीही बरा. सासूबाईंच्या अंगणातल्या आठवणी खऱ्या, पण त्यांना खाटेवरच झोपवा. चपला-बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री लघवीला जाताना विजेरी घेऊन, मुलाला एकटं सोडायचं नाही; भंडारदऱ्याच्या अकोले तालुक्यात बिबटेही आहेत. काही झालंच तर मांत्रिक नको, चिरा-चोखणं नको, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं हे गावात पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.

---

सानपाड्याची_मीरा

हे वाचून मी हॉटेलच बुक करतेय. गंमत हो.

---

घोडबंदरचा_बाप

मीराताई, घाबरू नका, आमचं आख्खं खटलं सहीसलामत आहे.

थंडीवरून आठवलं. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरू शकतो. आपल्याला मुंबईच्या हवेची सवय, त्यामुळे सगळे वरून तीन-तीन पांघरुणं घेतात आणि खालून गारठतात. थंडी जमिनीतून येते. अंगाखाली फोमची मॅट, तिच्यावर घरची जाडशी गोधडी, हे जास्त महत्त्वाचं. आणि कितीही वाजली तरी तंबूच्या हवेच्या झडपा बंद करू नका. चार माणसांचा श्वास कापडाला लागून रात्रभर पाणी होतं. पहाटे मुलाने भिंतीला नुसतं बोट लावलं की ओघळ थेट उशीवर. पाऊस पडला समजून आमच्याकडे एकदा सगळे जागे झाले होते.

मे महिन्याच्या सुट्टीत मात्र तंबूच्या वाटेला जाऊ नका. सकाळी सातला उन्हं आली की आत भट्टी.

---

मृग_व्याध

नाताळच्या दिवसांत रात्री नऊला पूर्वेकडे मृग वर आलेला असतो, त्याच्या पट्ट्यातले तीन तारे मुलंसुद्धा ओळखतात. तीच रेघ वर नेली की रोहिणी, आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. खाली नेली की व्याध, आकाशातला सर्वात तेजस्वी तारा. नेरूळच्या बाल्कनीतून व्याध दिसतोच, कृत्तिकांसाठी अंधार हवा. तारीख ठरवताना कालनिर्णय बघून पौर्णिमा टाळा. १३-१४ डिसेंबरची रात्र साधता आली तर मिथुन राशीतून उल्का पडताना दिसतात, पण ते शाळेच्या सुट्टीत बसत नाही. मुलीच्या फोनमध्ये ताऱ्यांचं ॲप टाकून द्या, चार्जिंगचा प्रश्न ती स्वतः सोडवेल.

---

ओटा_बंद

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बैठक झाली. ठरलं ते असं: नाताळच्या आठवड्यातले शनिवार-रविवार सोडून मधले दिवस, भंडारदऱ्याकडे, गावातल्या घरी. सासूबाईंना खोली. दोन छोटे तंबू, त्यातला एक नवऱ्याच्या मित्राकडून उसना. माळ्यावर नवीन सामान किती येतंय हे मी मोजणार आहे, वास्तववादी. स्वयंपाक घरमालकीण करेल, तिच्याशी फोनवर बोलले, स्पीकरचं विचारल्यावर म्हणाली, "आमच्याकडं रातच्याला लाईटच असंल का नाय त्याचा भरवसा न्हाई, डीजे कुठला." मुलीला हे अजून सांगितलेलं नाही.

सासूबाईंना खाटेचं सांगितलं तर म्हणाल्या, दोन रात्रींपैकी एक मी तंबूत काढणार. तर आता शेवटचा प्रश्न: गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला खालून उठायला काय सोपं पडतं? फोल्डिंगची बुटकी खाट तंबूत मावते का?

---

नर्स_कोपरखैरणे

आधी तंबूची उंची मोजा. छोट्या तंबूत मधोमधही जेमतेम चार-सव्वाचार फूट असते. सहा इंच उंचीची कॅम्पिंगची खाट मावेल, पण दारातून वाकून शिरणं हीच खरी कसरत. दाराशी प्लास्टिकचं स्टूल ठेवा: आधी स्टुलावर बसायचं, मग पाय आत, मग खाटेवर सरकायचं. उठताना उलट. गच्चीवरच्या तालमीत त्यांनाही घ्या, तिथेच कळेल.

---

शेंडीचा_जावई

स्टूल गावात मिळेल, आणू नका. गोधड्या मात्र जास्तीच्या आणा.