धावणाऱ्यांनो, गुडघे कसे आहेत? (अनुभव धागा: ठाणे, नवी मुंबई)

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि बघता बघता आपल्याकडेही उपवन, येऊरचा चढ, कोलशेत, पाम बीच रोड इथे रविवारी पहाटे टोळकी दिसायला लागली. (ठाण्याची वर्षा मॅरेथॉन त्याच्याही आधीची, पण वर्षभर नेमाने धावणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.) त्या पहिल्या टोळक्यांतली मंडळी आता पन्नाशी-साठीला आली आहेत. म्हणजे 'एवढं धावू नका, गुडघे जातील' हे भाकीत खरं ठरलं का, ते विचारायला हरकत नाही.

हा मेडलं दाखवायचा धागा नाही. काय दुखलं, किती काळ दुखलं, कशाने थांबलं, आता धावता का, एवढं लिहा. गोळ्यांची नावं नकोत आणि डॉक्टरांचीही नकोत.

सुरुवातीला एक आकडा टाकते, म्हणजे त्यावर भांडता येईल. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याचा किंवा खुब्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के निघाली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धांसाठी वरच्या पातळीवर धावणाऱ्यांत १३.३ टक्के. आमच्या ग्रुपवर हा आकडा दर जानेवारीत, मुंबई मॅरेथॉनच्या तोंडावर, फिरतो आणि सगळे एकमेकांना थम्स-अप पाठवतात. मला त्यात एक मेख दिसते. ज्याचा गुडघा दुखतो तो धावणं सोडून देतो, मग उरलेल्यांचे गुडघे चांगलेच दिसणार. म्हणून ज्यांनी सोडलं त्यांनी आधी लिहा. धावणारे काय, सांगतातच.

रेडर (खारघर, वय ४९)

सोडलेल्यांना बोलावलंत म्हणून लिहितोय. कॉलेजात कबड्डी खेळायचो. चढाई करताना उजवा गुडघा फिरला, लिगामेंट गेलं आणि मेनिस्कसचा, म्हणजे सांध्यातल्या गादीचा, फाटलेला भाग काढावा लागला. तेव्हा व्यायाम वगैरे कोणी नीट सांगितले नाहीत, सूज उतरल्यावर पोरगा चालायला लागला की झालं. चाळिशी जवळ आल्यावर सेंट्रल पार्कात धावायला लागलो. वजन उतरलं, शुगर आटोक्यात आली, दोन-तीन हाफ मॅरेथॉनही झाल्या. मग लाँग रननंतर गुडघा संध्याकाळपर्यंत टम्म फुगायला लागला. आधी बर्फ लावून भागायचं, नंतर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा.

एक्स-रेत आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटलेली. डावा गुडघा मात्र ठणठणीत. दोन्ही गुडघे सारखेच धावले ना? मग दोष धावण्याला द्यायचा की पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या चढाईला? डॉक्टर म्हणाले, लिगामेंट आणि मेनिस्कसची इजा झालेल्या गुडघ्यात झीज लवकर येतेच, धावला नसतात तरी आली असती. धावण्याने ती थोडी अलीकडे आली का, ह्यावर ते हो-नाही काही म्हणाले नाहीत. मी आता सायकल चालवतो. खारघरच्या टेकडीकडे धावत जाणारे दिसले की पोटात दुखतं, गुडघ्यात नाही.

कोलशेतकर (वय ५८)

आपलं उलटं. पंधराएक वर्षं झाली धावतोय. मध्ये पाठ धरली म्हणून गेलो तर डॉक्टरांनी हौसेने गुडघ्यांचा एमआरआयही काढायला सांगितला. रिपोर्टमध्ये 'मेनिस्कल टेअर', 'डिजनरेटिव्ह चेंजेस', म्हणजे गादीत चीर आणि झीज. सौ.ने तो कागद वाचला आणि शूज थेट माळ्यावर टाकले.

दुखत काहीच नव्हतं हो! मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, मला उठाबशा काढायला लावल्या, एका पायावर उभं केलं आणि म्हणाले, पन्नाशीनंतर अशा चिरा पुष्कळांच्या गुडघ्यांत सापडतात. त्यांनी अमेरिकेतल्या एका अभ्यासाचं सांगितलं. २००८ साली आलेल्या त्या अभ्यासात ५० ते ९० वयाच्या साध्या नागरिकांचे एमआरआय काढले होते. ज्यांच्या मेनिस्कसमध्ये चीर होती, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्याभरात गुडघ्यात ना दुखणं होतं, ना आखडणं. शूज माळ्यावरून खाली आले. सौ.चं मत मात्र बदललेलं नाही.

दोन वाट्या (कळवा)

मी धावत नाही. माझी आई आयुष्यात बसमागेसुद्धा धावली नाही. दोन्ही गुडघे बदलून झाले. तिच्या बहिणीचेही. एवढंच.

धागाकर्ती

दोन वाट्या, हे फार कामाचं आहे. वजन, घराण्यातून आलेले गुडघे, बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर वाढणारं प्रमाण, ह्याबद्दल लिफ्टमध्ये कोणी टोकत नाही. शूज दिसले की टोकतात.

मिनीसीशोर (वाशी, वय ३४)

माझं सांध्याचं नाही, हाडाचं आहे. चालेल ना? ह्याबद्दल बायका मोकळेपणी बोलत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाम बीचला धावायला लागले ते वजन कमी करायला. झालंही. ऑफिसात सगळे 'काय मेन्टेन केलंयस' म्हणायला लागले आणि मला त्याची चटक लागली. रात्रीची पोळी बंद, भात तर केव्हाच बंद. मुंबईच्या हाफसाठी ट्रेनिंग सुरू होतं आणि मध्ये नवरात्र आलं. मी नऊ दिवस उपास धरले आणि लाँग रनही सोडले नाहीत. पाळी त्याआधीपासूनच लांबत होती, मग आलीच नाही. खरं सांगू? मला ते सोयीचं वाटलं. धावणाऱ्या मैत्रिणी म्हणाल्या, होतं असं, जास्त ट्रेनिंग झालं की.

मग डावी नडगी दुखायला लागली. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, मग रात्री झोपेतही. शिन स्प्लिंटमध्ये नडगीची आतली कड लांबवर दुखते. माझं एकाच जागी दुखत होतं, बोट ठेवून दाखवता येईल असं. एका ठिकाणी एक्स-रे काढला, तो स्वच्छ. 'शिन स्प्लिंट आहे, आठवडाभर आराम करा.' आराम केला, परत धावले, आणि सानपाड्याच्या सिग्नलला पाय टेकवेना. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून हाडाला गेलेली बारीक चीर. नंतर कळलं, की असं फ्रॅक्चर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. दुसरा, काय खाता. शूजबद्दल चकार शब्द नाही. धावून उरलेली ऊर्जा शरीराला पुरत नसली, की ते इतर खर्च बंद करतं. इस्ट्रोजेन घसरतं, पाळी थांबते, हाड स्वतःची डागडुजी करू शकत नाही. २०१४ साली ऑलिम्पिक समितीने ह्याला रेड-एस (खेळातली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं, आणि हे पुरुषांनाही होतं. माझं ड जीवनसत्त्वही तळाला गेलेलं, उन्हातान्हात धावून! (उन्हात कुठे, पहाटे साडेपाचला.)

धावणं काही महिने बंद. पाळी परत यायला हाड जुळण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आता धावते, भात खाते, उपासाला धावत नाही. मुलींनो, पाळी थांबली तर ते फिटनेसचं लक्षण नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

कोपरीची काकू

टाच. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा. दहा पावलं चाललं की कमी. प्लांटर फॅसायटिस म्हणे, तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं. पोटऱ्यांचे ताण आणि घरात फरशीवर चपला. वर्षभराने गेलं, कशाने गेलं कोण जाणे. धावणं म्हणाल तर लेकाच्या आग्रहाने दहा किलोमीटर धावते, मधे चालते.

ऐरोलीचा जिना (वय ४५)

टाचेच्या वरची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी अकिलीस. सकाळी ताठ, दाबलं की गाठीसारखी. आराम करून बरी व्हायची, धावलो की परत तेच. शेवटी फिजिओने एक व्यायाम दिला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर यायचं आणि दुखऱ्या पायाने टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. पंधरा वेळा, असे तीन सेट गुडघा सरळ ठेवून आणि तीन वाकवून. हे सगळं दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हटलं, दुखतंय त्यावरच भार? तर म्हणाली, हो, सोसवेल एवढं दुखू दे.

ह्या व्यायामामागचा किस्सा भारी आहे. स्वीडनचे ऑर्थोपेडिक सर्जन हकान अल्फ्रेडसन ह्यांची स्वतःचीच अकिलीस दुखत होती. वरिष्ठ ऑपरेशन करायला तयार नव्हते. तेव्हा शीर तुटली तर ऑपरेशन करावंच लागेल, ह्या हिशोबाने ते मुद्दाम असा भार टाकत राहिले, आणि शीर तुटायच्या ऐवजी बरी झाली! १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी धावकांवरचा अभ्यास छापला, बाराही आठवडे व्यायाम केल्यावर सगळे परत धावायला लागले होते.

आमच्या मजल्यावरच्या लोकांना मी रोज सकाळ-संध्याकाळ जिन्यात कठडा धरून काय करतो ह्याचा उलगडा झालेला नाही. तिसऱ्या महिन्यात ताठरपणा गेला. अजूनही आठवड्यातून दोनदा करतो. थांबवलं की ती आठवण करून देते.

फिजिओ, नेरूळ

वाचतेय. दोन-चार गोष्टी सांगते, क्लिनिकमध्ये रोज सांगते त्याच.

सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो आत-बाहेर होतो दाब पडला-सुटला की. स्पंजासारखं समजा. त्यामुळे भार हा कूर्चेचा शत्रू नाही. एकदम वाढलेला भार, किंवा आधीच बिघडलेल्या सांध्यावरचा भार, ही वेगळी गोष्ट. रेडर, तुमच्या दोन गुडघ्यांची तुलना मी पेशंटना सांगणार आहे.

माझ्याकडे येणारे धावक झीज घेऊन क्वचित येतात. येतात ते वाटीभोवतीचं दुखणं घेऊन, बाहेरच्या बाजूला आयटी बँडचं (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पट्ट्याचं) घेऊन, नडगी, टाच, अकिलीस घेऊन. आणि येतात ते ठरलेल्या दोन मोसमांत. एक, पाऊस संपल्यावर, जेव्हा सगळ्यांना जानेवारी दिसायला लागतो आणि पाच किलोमीटरवरचा माणूस महिन्याभरात पंधरावर जातो. हृदय आणि दम लवकर तयार होतात, शिरा आणि हाडं त्यांच्या मागे महिनोन्‌महिने असतात. दुसरा मोसम फेब्रुवारी. त्याचं कारण सांगायला नको.

दुखत असताना धावायचं का, हा नेहमीचा प्रश्न. दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसासारखंच असेल, तर बहुतेकांना अंतर कमी करून चालू ठेवता येतं. सूज, रात्रीचं दुखणं, गुडघा अडकणं किंवा दगा देणं, हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवता येणं, ह्यांतलं काहीही असेल तर थांबून दाखवा. वाटीचं दुखणं असेल तर पावलं थोडी छोटी आणि मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त टाकून बघा, गुडघ्यावरचा भार कमी होतो. आणि मांड्या-नितंबांचे ताकदीचे व्यायाम. हे वाक्य म्हटलं की निम्मे पेशंट परत येत नाहीत.

डावीकडून उजवीकडे (सीवूड्स)

फिजिओताई, आयटी बँडवरून एक. आमचा ग्रुप रोज रस्त्याच्या त्याच कडेने जायचा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय कायम खाली पडतो. माझा त्याच बाजूचा गुडघा बाहेरून दुखायचा. 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेतल्या तलावाभोवती धावायला लागलो, एक दिवस घड्याळाच्या दिशेने, एक दिवस उलट. शिवाय नितंबांचे व्यायाम सुरू केलेच होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवता येत नाही.

धागाकर्ती

आमच्याकडे येऊरला प्रश्न उताराचा आहे. चढताना सगळे कण्हतात, पण मांड्या आणि वाट्या वाजतात त्या उतरताना. पावसाळ्यात वर शेवाळ. ह्या वर्षी आम्ही चढ धावून उतार चालत येतो, वेळेची वाट लागते, लागू दे. फिजिओताई, अडीच-तीन दशकं धावलेल्या कोणाचे गुडघे पाहिलेत का तुम्ही?

फिजिओ, नेरूळ

मोजके, त्यामुळे त्यावरून काही बोलणार नाही. स्टॅनफर्डला मात्र १९८४ पासून पन्नाशीपुढच्या धावकांना आणि न धावणाऱ्यांना जवळजवळ दोन दशकं पाहत होते. एक्स-रेत धावकांचे गुडघे इतरांपेक्षा जास्त झिजलेले निघाले नाहीत. तुमची मेख तिथेही लागू पडतेच, गट छोटा होता आणि मुळात धडधाकट लोकच धावायला येतात. पण भाकीत खरं असतं तर एवढ्या काळात काहीतरी दिसायला हवं होतं.

नौपाडा (वय ६९)

अडीच दशकं धावलेला इथे आहे. पंचेचाळिशीत सुरुवात केली, पोरं हसायची. साठीपर्यंत दर जानेवारीला हाफ. पेडर रोडच्या चढावर लोक संत्र्याच्या फोडी द्यायचे, त्यासाठी जायचो म्हणा. साठीनंतर हाफ बंद केली. गुडघ्यांमुळे नाही. एका लाँग रननंतर अंग पूर्ववत व्हायला आठवडा लागायला लागला आणि तो आठवडा मला नातवंडांसाठी हवा होता. आता कचराळी तलावाला फेऱ्या, थोडं धावणं, थोडं चालणं. फूटपाथवर धावत नाही. पेव्हर ब्लॉक वर आलेले असतात, दोनदा पडलोय आणि ह्या वयात मनगट मोडलं तर गुडघ्यांचं कौतुक कोण करणार.

गुडघे ठीक आहेत. डाव्या वाटीतून कुरकुर आवाज येतो, दुखत नाही. खरी तक्रार उजव्या खुब्याची. सकाळी मोजे घालताना पाय वर घेता येत नाही, जांघेत धरतं. हे वर्षभरातलं. धावण्यामुळे की वयामुळे, विचारलं तर डॉक्टर हसले. मंगळवारी एक्स-रे आहे, काय निघतं ते इथेच टाकतो. फिजिओताई, तोपर्यंत फेऱ्या चालू ठेवू की नुसतं चालू?

फिजिओ, नेरूळ

काका, मंगळवारपर्यंत नुसतं चाला. आणि मोजे खुर्चीवर बसून घाला.