हेतू सिद्ध कसा करणार?
चित्रपटाचे अनुकरण करून गुन्हा घडल्यास निर्मात्याकडून भरपाई घ्यावी, अशी सूचना केली जाते; ती अमेरिकेत न्यायालयात तपासली गेली आहे. १९९५ मध्ये लुईझियानात, ‘नॅचरल बॉर्न किलर्स’ हा हिंसक चित्रपट पाहिलेल्या जोडीतील तरुणीने दुकानातील एका स्त्रीवर गोळी झाडली. कायमची अपंग झालेल्या त्या स्त्रीने दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोनसह संबंधित कंपन्यांवर दावा लावला. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने दावा चालवण्यास मुभा दिली खरी, पण हिंसेला चिथावण्याच्या हेतूचा पुरावा नसल्याने २००१ मध्ये तो फेटाळला गेला. ही कसोटी कठोर असली तरी मला योग्य वाटते, कारण तोच चित्रपट पाहणाऱ्या असंख्य प्रेक्षकांनी बंदूक उचलली नव्हती, आणि या जोडीने तर अमली पदार्थही घेतले होते.