मदत हवी आहे: कांद्याच्या पेशीतले काळे ठिपके केंद्रकीचे की चांदीच्या अवक्षेपाचे?

नागपुरात वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी कांद्याच्या मुळांच्या टोकांत, पेशीविभाजनाच्या वेळी केंद्रकी (केंद्रकाच्या आतला गोल, दाट भाग) केव्हा विरते आणि केव्हा पुन्हा घडते, हे पाहत आहे. ॲसिटोकार्माइन या रंजकाने 16 गुणसूत्रे सुरेख उठून दिसतात, पण केंद्रकी फिकट पोकळीसारखी राहते; म्हणून अल्कोहोल व ॲसेटिक आम्लाच्या 3:1 मिश्रणात स्थिर केलेली टोके सिल्व्हर नायट्रेटने रंगवली. विभाजन सुरू न झालेल्या केंद्रकात केंद्रकी गडद तपकिरी, गोल आणि रेखीव दिसते.

अडचण अंत्यावस्थेत, म्हणजे विभाजनाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. दोन्ही कन्याकेंद्रकांत बारीक काळे ठिपके विखुरलेले दिसतात; ते केंद्रकी पुन्हा घडण्यापूर्वीचे कण असू शकतात, परंतु तसेच ठिपके पेशीभित्तिकेवरही आढळतात आणि तेथे तो अवक्षेपच, म्हणजे द्रावणातून सुटून बसलेली चांदीच असणार. दर वेळी ताजे, गाळलेले द्रावण वापरून आणि काचपट्ट्या ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊनही ते पूर्णपणे गेले नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यामुळे कांदे थंड खोलीतच रुजवतो. आमच्याकडे तेलात वापरायचे 100 पट भिंग असलेला साधा सूक्ष्मदर्शक आहे, प्रतिदीप्तीची (फ्लुओरेसन्सची) सोय नाही.

एवढ्या साधनांत खरे कण आणि अवक्षेप खात्रीने वेगळे ओळखण्यासाठी कोणते नियंत्रण-नमुने सोबत ठेवावेत?