मदत हवी आहे: नवा रेडिओ संध्याकाळी नुसता खरखरतो

भोरकर: बाबांसाठी गावी नवा रेडिओ नेला. सकाळी छान लागतो, दिवेलागणीनंतर नुसती खरखर, बातम्यांचं एक वाक्य धड कळेल तर शपथ. एरियल ओढून झाली, कौलांवर तार टाकून झाली. लवकर सांगा, उद्या मी परत निघणार.

रानवारा: स्टेशन कुठलं?

भोरकर: पुणे, अजून कुठलं!

रानवारा: अहो, विविध भारती १०१ एफएमवर, की ७९२ किलोहर्ट्झ मीडियम वेव्ह?

भोरकर: ७९२.

तारवाला: तार अजून उंच करा. आम्ही माडाला बांधली होती, सिलोन खणखणीत यायचं.

रानवारा: सिलोन शॉर्ट वेव्हवर होतं हो. बाहेरची दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. मीडियम वेव्हचा एरियल सेटच्या पोटात असतो: फेराइटची काळी कांडी, तिच्यावर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळलेली. तिचं टोक स्टेशनाकडे झालं की आवाज पडतो, तिची लांब कूस स्टेशनाकडे केली की चढतो. म्हणून सेटच फिरवायचा.

तारवाला: आमच्या सेटला मागे तार लावायला जागा होती. अनुभवाने सांगतोय, पुस्तकातलं नाही.

रानवारा: व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जुन्या सेटला असायची. याला कुठे आहे ते दाखवा.

मुलुंडची मावशी: न्यूज ऑन एअर ॲप घ्या, विषय संपला.

भोरकर: बाबांचा फोन बटणांचा आहे, मावशी.

जुना वायरमन: नुसती खरखर, की मागे दुसरं स्टेशन, शिट्टी? रात्री आयनोस्फिअरचा, म्हणजे उंच आकाशात रेडिओलहरी परतवणाऱ्या पट्ट्याचा, लहरी शोषणारा खालचा थर विरतो, मग लांबची मीडियम वेव्ह स्टेशनं वरच्या थरावरून परतून आपल्यात घुसतात. त्याला फारसा इलाज नाही. नुसती खरखर असेल तर चोर घरातलाच: स्वस्त एलईडी बल्ब, चार्जर, सेट टॉप बॉक्स. सेल घाला, मेन स्विच पाडा, मग ऐका.

भोरकर: अडॅप्टरवर चालतो की, सेल कोण आणत बसणार? बरं, बघतो.

सह्याद्री हॅम: एवढा रस आहे तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या परवान्याची परीक्षा द्या.

भोरकर: मेन पाडल्यावर खरखर बंद! एकेक दिवा लावून पाहिला, ओटीवरच्या बल्बने सुरू होते. अडॅप्टरनेही थोडी होते. पण आता मागे हिंदी गाणी ऐकू येतायत.

रानवारा: फिरवा सेट. गाणी सगळ्यात बारीक होतील तिथे ठेवा.

तारवाला: तार लावली असती तर...

मुलुंडची मावशी: माझ्या फोनवर हेडफोन काढला की एफएम बंद पडतं, ते का?

जुना वायरमन: हेडफोनची वायर हीच त्याची एरियल, ताई.