पावसाळ्यात जलरंगाच्या वॉशवर ठिपके उमटतात, उपाय?

वेंगुर्ल्याचा कुंचला:
मुलांच्या ३२ पानी पुस्तकाची चित्रं जलरंगात चालू आहेत. कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटन, गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यातला. आभाळाचा सपाट वॉश (पातळ रंगाचा एकसारखा थर) दिला की मध्येच गडद ठिपके उमटतात. दुसरा थर देताना खालचा रंग उठतो तो वेगळाच. पाऊस उघडेपर्यंत थांबता येणार नाही. काय करावं?

टीपकागद:
रंगाचा दोष नाही, कागदाचं सायझिंग गेलंय. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाची खळ असते, म्हणून पाणी लगेच आत मुरत नाही. दमट हवेत ही खळ जागोजागी निकामी होते आणि तेवढ्या जागी कागद रंग पितो. कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब ठेवून बघा. टपोरा राहिला तर ठीक. लगेच मुरून काळपट डाग दिसला तर तो गठ्ठा वॉशसाठी बाद. टाकू नका, पेन्सिल आणि गुवाशला (अपारदर्शक जलरंगाला) उत्तम चालतो. दुसरा कागद हाताशी नसेल तर २ ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन थोड्या थंड पाण्यात दहा मिनिटं फुगवा, गरम पाणी घालून १०० मिली करा, रुंद मऊ ब्रशने एकच हात द्या आणि पूर्ण वाळवा. नव्यासारखा होणार नाही, पण ठिपके कमी होतील.

रत्नांग्रीकर:
रंग उठतो कारण खालचा थर आतून ओला असतो. चमक गेली म्हणजे वाळलं असं पावसाळ्यात समजू नका. बोटांची मागची बाजू कागदाला टेकवा. गार लागलं तर थांबा. हेअर ड्रायर चमक गेल्यावरच, हातभर लांबून. आधी लावलात तर वाऱ्याने रंग ढकलला जाऊन कडा पडतात.

साठवणीचं मृगाआधीच बघायला हवं. झिप पिशवीत सिलिका जेल घालून कागद ठेवा, आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात तर नकोच. कागद आधीच दमट असेल तर मात्र पिशवी बंद करू नका, आत बुरशी धरते. कागद ताणून चिकटवायचा गमटेपही हवाबंद डब्यात, नाहीतर अख्खी गुंडाळी चिकटून बसते.

छापखान्याची शाई:
कागदाला लाटा पडल्या असतील तर स्कॅनमध्ये सावल्या येतात. पाठीवर किंचित पाणी फवारा, दोन टीपकागदांमध्ये घालून दिवसभर वजनाखाली ठेवा. स्कॅन मूळ मापाला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे, दुप्पट मोठं छापायचं तर ६००. कापणीसाठी बाहेरच्या कडांना ३ मिमी जास्त रंगवा, आणि जोडपानावर चेहरा मधल्या शिवणीत येऊ देऊ नका. भातखाचरांचा पोपटी हिरवा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) हमखास मळतो. तेवढ्या पानाचं प्रूफ (छापील नमुना) आधी मागवा.