मदत हवी आहे: डेबियन आणि फेडोरा एका होममध्ये नांदेनात

मंडळी, नमस्कार. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या जॅकार्ड डिझाइनचं काम करतो. एकाच लॅपटॉपवर डेबियन १२ आणि फेडोरा ४२ अशी दोन लिनक्स टाकलीयत. डेबियन रोजच्या कामाला, फेडोरा नव्या गिंपसाठी (ज्यात मी डिझाइन काढतो तो प्रोग्राम). होमचं, म्हणजे माझ्या फायली आणि सेटिंग्जचं, पार्टिशन दोघांना एकच, युजरचं नाव तेच, यूआयडी म्हणजे युजरचा क्रमांकही दोन्हीकडे १०००, म्हणजे परवानग्यांची कटकट नाही. आठवडाभर मजेत होतो.

पहिला दणका फायरफॉक्सचा. फेडोरात बुकमार्क दिसेनात. २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून तो प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल देतो, हे मला नंतर कळलं. मी शहाणपणा करून प्रोफाइल मॅनेजरमधून डेबियनचंच प्रोफाइल उघडलं. संध्याकाळी डेबियनमध्ये आलो तर तिथला जुना ईएसआर (फायरफॉक्सचीच सावकाश बदलणारी आवृत्ती) म्हणतो, हे प्रोफाइल नव्या आवृत्तीत वापरलंय, नवीन बनवा नाहीतर बाहेर पडा. पासवर्डसकट सगळं त्यातच!

मग ग्नोम, म्हणजे डेस्कटॉप. डेबियनवर ४३, फेडोरावर ४८. फेडोरात एक्स्टेन्शन अपडेट केलं की डेबियनमध्ये ते मान टाकतं. पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारं साधन) होममध्ये टाकलेल्या स्क्रिप्टचंही तेच: स्क्रिप्ट दोन्हीकडे दिसते, पण तिची लायब्ररी पायथन ३.१३ च्या फोल्डरात आणि डेबियनचा पायथन ३.११.

ज्याची भीती होती ते गिंप मात्र निमूट चाललं, कारण ते २.१० आणि ३.० साठी वेगवेगळी फोल्डरं ठेवतं. पण तिथेच माझं नुकसान झालं. एका चादरीचा लाल फेडोरात जरा गडद केला, पॅलेट सेव्ह केलं. दोन दिवसांनी डेबियनमधून त्याच डिझाइनचा दुसरा नमुना काढला, तो जुन्याच लालात. कारखान्यातून फोन, "अहो, हा लाल आमचा नव्हे." आता दोन्ही गिंपच्या प्रेफरन्सेसमध्ये पॅलेटसाठी एकच बाहेरचं फोल्डर दिलंय, तेवढं मार्गी लागलं.

आता ठरवलंय की दोघांची होम वेगळी करायची आणि डिझाइन, पॅलेट, फॉन्ट असा कामाचा ऐवज तिसऱ्या ईएक्सटी४ पार्टिशनवर ठेवायचा. अडलंय ते इथे:

डिझाइनचं फोल्डर दोन्ही होममध्ये सिमलिंकने (शॉर्टकटसारख्या दुव्याने) जोडू, की एफएसटॅबमध्ये, म्हणजे माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये, बाइंड माउंट करू (तेच फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवू)? सिमलिंक सोपी वाटते, पण वर्षभर कुणी वापरून पाहिलीय का?

दुसरं, एसईलिनक्स, म्हणजे फाइलवरचं लेबल बघून परवानगी देणारी फेडोराची सुरक्षा व्यवस्था. मागे डेबियनमधून ऑथराइज्ड कीजची फाइल (जिच्यामुळे एसएसएचने दुरून लॉगिन करताना पासवर्ड लागत नाही) बदलली, तर फेडोरात एसएसएच पासवर्ड मागू लागलं. फाइलचं लेबल गेलं होतं, लेबल परत लावणारी रिस्टोरकॉन कमांड चालवल्यावर सुरळीत झालं. सामायिक पार्टिशनवर हे दर वेळी करावं लागेल, की माउंट करतानाच कॉन्टेक्स्ट (म्हणजे ते लेबल) दिला की भागतं?

हायबरनेट दोन्हीकडे बंद आहे, तो सल्ला नको. आणि "एकच ठेव, दुसरं उडव" हा घरून मिळालाच आहे.